सॉफ्टवेअर डिझायनरला कोडिंग किती यायला हवं?



"सर, सॉफ्टवेअर डिझाइनचं काम सुरू करायचंय, पण कोडिंग येत नाही. जमेल का?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. उत्तर आपल्या सोलापुरातच आहे.

सोलापुरी चादरीवरचा मोर बघा. जेकार्ड मागासाठी नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढायची पद्धत. एकेक चौकोन सांगतो, हा उभा धागा उचलायचा की खाली ठेवायचा. त्यावरून कार्डांना भोकं पाडायची. नक्षी काढणाऱ्याला माग चालवता आलाच पाहिजे असं नाही. पण जेकार्डला हूक किती, हेच माहीत नसेल तर मोर कागदावरच राहतो! पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात अशीच भोकांची कार्डं घेतली. म्हणजे माग आणि कॉम्प्युटर, नातं जुनंच आहे.

आता माझी फजिती सांगतो. दुकानासाठी बिलिंग अॅप करून घेतलं. स्क्रीन एकदम देखणी. ऐन दिवाळीत नेट गेलं आणि बिल सेव्हच होईना. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि मी वहीत बिलं लिहितोय. नेट नसताना बिल कुठे साठवायचं, हे डिझाइन करताना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. शेवटी निम्मं अॅप पुन्हा करावं लागलं, पैसे माझेच गेले.

म्हणून एवढं तरी शिकाच:

१. माहिती कुठे साठते: मोबाइलमध्ये की सर्व्हरवर?

२. जर-तरचे नियम: सोलापूरच्या व्यापाऱ्याला माल विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, कर्नाटकात विजयपूरच्या व्यापाऱ्याला पाठवला तर आयजीएसटी. म्हणजे स्क्रीनवर राज्याचा रकाना हवाच.

३. चुकलं तर काय: यादी रिकामी असेल, बटण दोनदा दाबलं गेलं, तर काय दिसेल?

४. थोडं एचटीएमएल आणि सीएसएस: एक पान स्वतः लिहून बघा. 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' लिहिलं की बटण पुरत नाही, हे तेव्हाच कळतं.

सर्व्हर सांभाळणं, डेटाबेस बांधणं प्रोग्रामरवर सोडा. मात्र एकट्यानेच सगळं करून देणार असाल, तर पूर्ण कोडिंगला पर्याय नाही.

गृहपाठ: ओळखीच्या किराणा दुकानात तासभर बसा. उधारीच्या वहीसाठी तीन स्क्रीन कागदावर काढा आणि एखाद्या प्रोग्रामरला दाखवा. तो जे प्रश्न विचारेल, त्यातल्या ज्यांची उत्तरं तुम्हाला देता येणार नाहीत, तोच तुमचा अभ्यासक्रम. लागा कामाला!