भगवंतीचे काय चुकले?
('हम लोग' मालिकेतील काही भागांचा पुनर्विचार)

दूरदर्शन मालिका हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वर्गात निघाला की बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. कादंबरीचा अभ्यास होतो, नाटकाचा होतो, अलीकडे चित्रपटाचाही होऊ लागला आहे. मालिका मात्र अजून 'घरच्या बायकांची करमणूक' ह्या सदरातच पडून आहे. वस्तुतः गेल्या चाळीस वर्षांत आपल्या समाजातील सर्वाधिक माणसांनी सर्वाधिक काळ ऐकलेली कथा कोणती, असे विचारले, तर उत्तर मालिका हेच द्यावे लागेल. ह्या कथेने आपल्याला काय शिकवले, आणि जे शिकवायचे होते तेच आपण शिकलो काय, ह्याचा विचार 'हम लोग'च्या काही गाजलेल्या भागांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

उगमाची गोष्ट

'हम लोग'चा पहिला भाग ७ जुलै १९८४ रोजी दिल्ली दूरदर्शनने प्रक्षेपित केला आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी ही मालिका संपली. सतरा महिन्यांत दीडशेहून अधिक भाग झाले. लेखन मनोहर श्याम जोशी ह्यांचे आणि दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव ह्यांचे होते. भारतातील दीर्घ कौटुंबिक मालिकेची सुरुवात येथून झाली असे मानले जाते.

नाशिककरांच्या दृष्टीने ह्या उगमाला एक जवळचा धागा आहे. अशी मालिका आपल्याकडे करावी ही कल्पना पुढे आणण्याचे श्रेय तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे ह्यांना दिले जाते. साठे ह्यांचा जन्म १९२५ साली नाशिकचा, आणि त्यांचे काही शिक्षणही येथल्याच भोसला मिलिटरी स्कूलमध्ये झाले. गंगापूर रोडवरून कॉलेजला येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेपासून ती शाळा दूर नाही. १९८२ साली साठे मेक्सिकोला गेले असता तेथील एका प्रयोगाची माहिती त्यांना मिळाली. मिगेल साबिदो ह्या निर्मात्याने १९७५ पासून प्रौढशिक्षण, कुटुंबनियोजन अशा विषयांवर लोकप्रिय मालिका केल्या होत्या. भाषण न देता गोष्टीतून माणसाचे वर्तन बदलावे, ही त्यामागची कल्पना.

साबिदोची पद्धत सोपी आहे. कथेत तीन प्रकारची माणसे घालायची. पहिले चांगल्या मार्गाने जाणारे, दुसरे वाईट मार्गाने जाणारे आणि तिसरे ह्या दोहोंच्या मध्ये अडखळणारे. पहिल्याला यश मिळते, दुसऱ्याला शासन होते आणि तिसरा हळूहळू सुधारतो. प्रेक्षक तिसऱ्याबरोबर चालत चालत योग्य ठिकाणी पोहोचतो. कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगात वाढलेल्या मराठी माणसाला ही युक्ती अगदीच परकी वाटू नये.

प्रत्यक्षात सुरुवातीच्या तेरा-एक भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका दाट झाला की प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश पातळ करून बसेसरराम आणि त्याच्या कुटुंबाच्या सुखदुःखांना जागा देण्यात आली. प्रत्येक भागाच्या अखेरीस ज्येष्ठ अभिनेते अशोककुमार येत आणि त्या दिवशीच्या घटनेवर दोन शब्द बोलत. उपदेश असा शेवटच्या मिनिटापुरता उरला आणि मालिका चालू लागली.

आठवणीत राहिलेले भाग

ज्यांनी त्या वेळी मालिका पाहिली, त्यांना आज विचारले तर कथानकाचा क्रम क्वचितच सांगता येतो. आठवतात ते प्रसंग. त्यांतले तीन येथे घेतो.

पहिला प्रसंग बडकीच्या लग्नाचा. थोरली मुलगी गुणवंती ऊर्फ बडकी हिच्यापुढे स्वतःचे काम आणि डॉक्टर अश्विनीशी विवाह असा पेच होता. तिने काय करावे हे सांगणारी शेकडो पत्रे प्रेक्षकांनी पाठवली. विवाहाचा भाग होता त्या दिवशी उत्तर भारतात काही ठिकाणी दुकाने लवकर बंद झाली, अभिनंदनाच्या तारा आल्या. सीमा भार्गव ही अभिनेत्री लोकांच्या लेखी उरलीच नव्हती. लग्न झाले ते आपल्याच आळीतल्या मुलीचे.

दुसरा प्रसंग दादीच्या आजारपणाचा. सुषमा सेठ ह्यांनी उभी केलेली ही फटकळ, मिश्कील आजी कर्करोगाने आजारी पडते. मूळ बेताप्रमाणे ती लवकर जायची होती. परंतु तिला मारू नका असा आग्रह झाला आणि तिचे आयुष्य लांबले. कादंबरीकाराला वाचक असे अडवू शकत नाही. पुस्तक हाती येते तेव्हा शेवट छापून झालेला असतो. मालिका मात्र लिहिली जात असतानाच पाहिली जाते, म्हणून प्रेक्षकही थोडासा लेखक होतो.

तिसरा प्रसंग मझलीचा. दिव्या सेठ ह्यांनी रंगवलेली ही मधली मुलगी चित्रपटाच्या ओढीने मुंबईला जाते आणि फसवली जाते. ह्या भागांतला धडा उघड आहे, तरीही ते कंटाळवाणे होत नाहीत. मझलीचा हट्ट प्रेक्षकाला आधीच पटलेला असतो, म्हणून तिची फजिती झाली तरी 'बरे झाले' असे कोणी म्हणत नाही.

अशोककुमार ह्यांच्याकडे आणि मालिकेतील पात्रांकडे मिळून चार लाखांच्या आसपास पत्रे आली, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पाहण्याबरोबर लोक उत्तरही देत होते, असा ह्या संख्येचा अर्थ आहे.

भगवंतीचा उलटलेला धडा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बसेसररामची बायको भगवंती हे पात्र जयश्री अरोरा ह्यांनी केले. नवरा दारुडा, सासू कडक, मुले आपापल्या नादात, आणि ही बाई सगळ्यांचे सगळे सोसून स्वयंपाकघरात उभी. योजना करणाऱ्यांच्या मते हे अनुकरण करू नये असे उदाहरण होते. असे सोसत राहिले तर काय होते हे पाहून स्त्रियांनी जागे व्हावे, असा हेतू.

मालिका संपल्यावर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स ह्या अभ्यासकांनी दिल्ली, मद्रास आणि आपल्या पुण्यात प्रेक्षकांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा असे दिसले की बऱ्याच प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियांनीही, भगवंतीलाच आदर्श मानले होते. धडा उलटा पोहोचला होता.

असे का झाले असावे? संस्कार, परंपरा ही कारणे आहेतच. पण मला वाटते, एक कारण मालिकेच्या रचनेतच आहे. नाटकात पात्राची किंमत त्याच्या कृतीने ठरते. मालिकेत ती त्याच्या हजेरीने ठरते. बडकी भांडते, मझली पळून जाते, बसेसरराम दारू पिऊन येतो. ह्या सर्वांच्या मागे प्रत्येक भागात भगवंती असतेच. सतरा महिने जी बाई दिवा लावायला घरात आहे, तिच्यावर प्रेक्षकाचा जीव जडतो. मग शेवटच्या एका मिनिटात अशोककुमारांनी कितीही समजावले, तरी त्या मिनिटाचे वजन सतरा महिन्यांपुढे पडत नाही.

ही गोष्ट भारतापुरती नाही. इंग्लंडमध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे. तीत हिल्डा ऑग्डेन नावाची सफाईकाम करणारी, तोंडाळ बाई होती. जीन अलेक्झांडर ही अभिनेत्री ती भूमिका करी. तिचा आळशी नवरा स्टॅन ह्याचे काम करणारे बर्नार्ड यूएन्स १९८४ साली वारले, तेव्हा मालिकेतही स्टॅनचा मृत्यू दाखवला गेला. अंत्यविधीनंतर हिल्डा एकटी घरी बसते, नवऱ्याच्या वस्तूंचे पुडके सोडते, त्यात त्याच्या चष्म्याचे घर निघते आणि ती रडते. ह्या मालिकेचा सर्वोत्तम क्षण म्हणून अनेक जण ह्याच भागाचे नाव घेतात. एका कुचकामी नवऱ्याचा चष्मा आणि वीस वर्षांची हजेरी, एवढेच त्या प्रसंगाचे भांडवल. १९८७ च्या नाताळात हिल्डा मालिका सोडून गेली तो भाग अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

मराठीत काय झाले

मराठी वाहिन्यांवर १९९९ साली 'आभाळमाया' आली. तिच्यातील सुधा जोशी (सुकन्या कुलकर्णी) ही शिकलेली, नोकरी करणारी स्त्री होती. नवऱ्याने विश्वास मोडल्यावरही ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. भगवंतीला पंधरा वर्षांनी मिळालेले हे मराठी उत्तर म्हणता येईल. त्यानंतर २००१ ते २०१३ अशी 'चार दिवस सासूचे' चालली. भागांची संख्या तीन हजारांवर गेली. रोहिणी हट्टंगडी सासू आणि कविता लाड सून. येथे घराची सत्ता हाच विषय झाला. परंतु सुधा असो, आशा देशमुख असो वा अनुराधा असो, प्रेक्षकांचे प्रेम ज्या गुणावर बसले तो गुण घर न मोडू देण्याचाच होता. भगवंतीने पदर खोचला, इतकाच फरक.

हा लेख लिहिताना 'हम लोग'चे जे थोडे भाग आज मोबाईलवर पाहावयास मिळतात, ते मी आजीबरोबर बसून पाहिले. अभ्यासकांचा निष्कर्ष मी तिला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. भगवंतीचे चुकले हे लोकांना कळलेच नाही, असे म्हणालो. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चुकलं म्हणतोस. पण पाच लेकरं घेऊन ती जाणार कुठं होती, ते कुणी लिहिलं होतं का त्यात?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि विचार करता ते मालिकेकडेही नव्हते. भगवंतीने सोसू नये, हे मालिकेने सांगितले. न सोसता कसे जगावे, त्याची वाट तिने दाखवली नाही. वाट दिसली नाही म्हणून स्त्रियांनी सोसण्यालाच मान दिला. निदान मान तरी आपला असावा, असे त्यांना वाटले असेल. तेव्हा धडा उलटला ह्याचा दोष केवळ प्रेक्षकांच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

मालिकेचा अभ्यास करावयाचा तो एवढ्यासाठी. कथेचा एक अर्थ लिहिणाऱ्याच्या टेबलावर तयार होतो आणि दुसरा पाहणाऱ्याच्या घरात. दुसऱ्या अर्थाची नोंद कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती आपल्या आज्या-आयांपाशी आहे. ज्यांनी १९८४ साली ही मालिका जाणत्या वयात पाहिली, त्या आज साठी-सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाने यंदाच्या सुट्टीत घरातल्या एका बाईला एवढाच प्रश्न विचारावा, की तुला कोणता भाग आठवतो आणि का. उत्तर वहीत जसेच्या तसे लिहून घ्यावे, मध्येच सुधारू नये. मी सुधारायला गेलो होतो, आणि माझीच शिकवणी झाली.