लहानग्याच्या तळहातावर फुटाणे नकोत

कीर्तन संपते, आरती होते आणि प्रसादाची परात फिरू लागते. परातीत काय असते? फुटाणे, शेंगदाणे, खडीसाखर, खोबऱ्याचे तुकडे. आजीच्या मांडीवर दीड वर्षाचे लेकरू बसलेले असते. तेही इवलासा हात पुढे करते. वाटणारा कौतुकाने म्हणतो, "घे रे बाळा!" आणि चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवतो. पाहणाऱ्यांना बरे वाटते. आजच्या पाठात त्या चार दाण्यांविषयीच बोलावयाचे आहे. कारण ते लेकराच्या जिवावर बेतू शकतात.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. नातू वीस महिन्यांचा होता. दाणे खाता खाता दुडदुडत पळाला, धडपडला आणि एकदम ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले; मग शांत झाला. "गेला दाणा पोटात," म्हणून आम्ही विसरलो. पुढे खोकला लागला. काढा झाला, चाटण झाले, आठ-दहा दिवस गेले. पण उतार नाही. छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा सूनबाई म्हणाली, "मामंजी, त्या ठसक्यापासनंच हे सुरू झालंय." डॉक्टरांनाही तिने तेच सांगितले. भूल देऊन दुर्बिणीने पाहिले, तो अर्धा दाणा श्वासनलिकेच्या फांदीत अडकलेला! निघाला, पोर वाचले. शहाणपण तिचे, दाणे हाती देणारा मात्र मी.

असे का होते, ते समजून घ्यावे. लेकराला आधी पुढचे दात येतात. त्यांनी तुकडा पडतो, पण बारीक दळला जात नाही. दळण्याच्या दुधाच्या दाढा सव्वा वर्षाच्या सुमारास येऊ लागतात आणि मागच्या दाढा येईतो अडीच-तीन वर्षे होतात. दाढा आल्या तरी नीट चावण्याची सवय लागावयास आणखी काळ लागतो. त्यातून लेकराची श्वासनलिका अरुंद आणि खोकल्याचा जोर कमी. म्हणून दाणा सरळ आत उतरतो. शेंगदाणा ओलाव्याने फुगतो आणि अधिकच घट्ट बसतो. साध्या क्ष-किरण चित्रात तो बहुधा दिसतही नाही. तेव्हा ठसक्यानंतर खोकला राहिला, तर ठसका लागला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता घरात काय पाळावे ते पाहू.

१. पाच वर्षे पुरी होईपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, मक्याच्या लाह्या देऊ नयेत. सुपारी, खडीसाखर आणि खोबऱ्याचे तुकडेही नकोत.

२. दाण्याशी वैर नाही, आकाराशी आहे. दाण्याचे बारीक कूट भातात कालवावे. डाळ्याचे पीठ दुधात भिजवावे. खोबरे खवून द्यावे. लेकराला पोषण मिळते आणि भीतीही राहत नाही.

३. द्राक्षाचे उभे चार भाग करावेत. गाजर शिजवून मऊ करावे. बोर, सीताफळ, कलिंगड ह्यांच्या बिया मोठ्यांनी काढून मगच गर द्यावा.

४. खाणे बसूनच. पळताना, रडताना, खदाखदा हसताना घास कोंबू नये. "एक घास चिऊचा" म्हणत अंगणभर मागे धावणे गोड दिसते, पण धोक्याचे आहे.

५. चिंचोके, मणी, बटणे, नाणी जमिनीवर राहू देऊ नयेत. घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी गोल बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक दवाखाना गाठावा. दोन तासांतही ती अन्ननलिका जाळते.

इतके करूनही घास अडकला तर? लेकरू जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकलाच घास बाहेर काढील. पण आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळे पडू लागले, तर क्षण दवडू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने उपाय सुरू करावा.

वर्षावरील मुलाला पुढे वाकवून, तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाठीवर पाच जोराचे थोपट द्यावेत. दाणा निघाला नाही, तर मागून कवेत घेऊन, बेंबी आणि छातीचे हाड ह्यांच्या मध्ये मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्यावेत. घास निघेपर्यंत पुन्हा पाच, पुन्हा पाच. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे घालून, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थोपट द्यावेत. मग उताणे करून छातीच्या हाडावर मधोमध पाच दाब. तान्ह्याचे पोट मात्र दाबू नये. मूल निपचित पडले, तर जमिनीवर उताणे ठेवून छाती दाबण्यास आरंभ करावा आणि फोनवरच्या माणसाचे ऐकत राहावे. पोटावर झटके दिले असतील, तर घास निघाल्यावरही मूल डॉक्टरांना दाखवावे.

घशात आंधळेपणाने बोट घालू नये. दाणा आणखी खाली जातो. पाणी पाजू नये. पाय धरून उलटे लटकावू नये. हे हात एकदा जाणकाराकडून शिकून घ्यावेत. प्रसंगी वाचून आठवत नाही.

कोणी म्हणतील, "अहो, प्रसादाला नाही कसं म्हणावं?" नाही म्हणूच नये. लेकराच्या वाट्याचा प्रसाद आईने पदरात घ्यावा, घरी खलबत्त्यात कुटावा आणि दुधातून भरवावा. वाटणाऱ्यानेही मांडीवरच्या लेकराचा हात दिसला, की दाणे आईच्या हाती द्यावेत. प्रसाद तोच, भाव तोच. लेकरू मात्र सुखरूप.