हरितगृहावर कोणतें आच्छादन घालावें?

बागेंत लहानसें हरितगृह बांधावयाचें ठरलें, कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो त्यावरील आच्छादनाचा. दुकानदार आपापला माल पुढें करतो. परंतु झाडास काय हवें, हें तो क्वचितच विचारतो.

या बाबतींत मोठमोठ्यांचीही फसगत झाली आहे. लंडननजीक क्यू येथील वनस्पतिउद्यानांत १८४४ ते १८४८ या काळांत ताडवृक्षांसाठीं एक विशाल काचगृह उभारण्यांत आलें. प्रखर उन्हानें पानें करपतील या भीतीनें, रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून, त्यास हिरवट काच बसविली. पुढें लंडनच्या धुरानें आकाशच काळवंडलें. आधींच तुटपुंजा असलेला प्रकाश त्या काचेंतून आणखी गाळून येऊं लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जागीं स्वच्छ काच घालणें भाग पडलें. पान आपलें अन्न बनवितें तें मुख्यत्वें तांबड्या व निळ्या किरणांवर. हिरवे किरण त्यास सर्वांत कमी उपयोगी.

उष्णतेविषयींही असाच एक समज आहे. काच उष्णतेचे किरण परत जाऊं देत नाहीं म्हणूनच हरितगृह तापतें, असें आम्हीही मानीत होतों. १९०९ सालीं रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञानें दोन पेट्या घेऊन एकीवर काचेचें व दुसरीवर सैंधवाचें तावदान बसविलें. सैंधवांतून हे किरण सहज बाहेर पडतात. तथापि, आंत येणारें ऊन आधीं काचेंतून गाळून घेतल्यावर, दोन्ही पेट्या जवळ जवळ सारख्याच तापल्या. ऊब टिकते ती मुख्यतः आंतली हवा कोंडून राहते म्हणून. तेव्हां देशावरच्या उन्हाळ्यांत आच्छादन कोणतेंही असो, माथ्याशीं व बाजूंस झरोके नसतील तर रोपें शिजूनच निघतील.

आतां पदार्थांकडे वळूं. स्वच्छ काच शंभरांतील सुमारें नव्वद भाग प्रकाश आंत सोडते व वर्षानुवर्षें पिवळी पडत नाहीं. पण चार मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला दहा किलो भरते. सांगाडा तितकाच भक्कम हवा. शिवाय गारा आहेत, आणि ज्या घरीं क्रिकेट खेळणारीं मुलें आहेत तेथें चेंडूही आहे! छपरास घालावयाची झाल्यास कणखर केलेली काचच घ्यावी. ती फुटली तरी तिचे बोथट तुकडे होतात. पॉलिकार्बोनेटचा दुपदरी पत्रा फार हलका असतो, आणि दोन पदरांमधील हवेमुळें रात्रीची ऊब पुष्कळ राखतो. थंड मुलखांत तोच सरस. त्याची संरक्षक लेप दिलेली बाजू सूर्याकडेच हवी, नाहीं तर पत्रा लवकर पिवळा पडतो. तसेंच त्यांतील नळ्या उतारास धरून ठेवाव्या, म्हणजे आंत सांठलेलें पाणी निथळून जाईल.

पुणें जिल्ह्यांत तळेगाव दाभाड्याकडे गुलाब पिकविणारे शेतकरी मात्र बहुधा प्लॅस्टिकचा कागद वापरतात. त्याची जाडी सुमारें दोनशें मायक्रॉन असते. प्रकाश विखरून देणाऱ्या जातीचा कागद घेतला, तर दाट सावल्या पडत नाहींत व खालच्या पानांसही उजेड पोंचतो. आपल्याकडील घरगुती बागेस, आमच्या मतें, हाच योग्य. तो स्वस्तही पडतो. मात्र तीन-चार वर्षांनीं तो बदलावा लागतो, हा खर्च पालकांनीं आरंभींच हिशेबांत धरावा. आणि उतरविलेला कागद परसांत न जाळतां भंगारवाल्याकडे द्यावा.