लष्करी मालमोटारींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें पडकें देऊळ, ढासळलेला घाट किंवा बुजलेली विहीर उभी राहते. परंतु गंजून पडलेल्या मालमोटारींचा जीर्णोद्धार करण्यांत आपली सुटी, आपला पैसा व आपली शक्ति आनंदानें खर्च करणारे लोकही जगांत आहेत. इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, बेल्जम, अमेरिका या देशांत अशा हौशी मंडळींचे पुष्कळ मेळ आहेत. लष्करी वाहनें जतन करणारांची एक मोठी संस्था अमेरिकेंत १९७६ सालीं स्थापन झाली. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी पेढीवरील कारकून, असे चारपांच स्नेही एकत्र येतात; रानांत किंवा शेताच्या बांधावर पडलेली दुसऱ्या महायुद्धांतील एखादी गाडी शोधून काढतात; आणि वर्षानुवर्षें खपून तिला पुन्हा चालती करतात. हे लोक असें कां करतात, कसें करतात, आणि त्यांच्या या छंदापासून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

विषय नीट समजावा म्हणून एकच गाडी उदाहरणादाखल घेऊं. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें बनविलेली अडीच टनी मालमोटार ही या छंदांतील मोठी आवडती गाडी होय. तिचें कारखान्यांतील नांव 'सीसीकेडब्ल्यू'. हें नांव अवघड दिसलें तरी त्यांतील प्रत्येक अक्षरास अर्थ आहे. पहिला 'सी' म्हणजे १९४१ सालचा आराखडा; दुसरा 'सी' म्हणजे चालकाची जागा इंजिनाच्या मागें असलेली नेहमीच्या घडणीची गाडी; 'के' म्हणजे पुढील चाकांनाही इंजिनाची गति मिळते ती; आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागें दोन चालते आंस असलेली. अशा रीतीनें तिन्ही आंसांना गति मिळत असल्यामुळें पुढचीं चाकें चिखलांत रुतलीं तरी मागचीं रेटा देत, आणि मागचीं रुतलीं तर पुढचीं ओढून घेत. इंजिन सहा सिलिंडरांचें व पेट्रोलवर चालणारें. अडीच टन हा आंकडा कच्च्या वाटेवरील ओझ्याचा; चांगल्या सडकेवर याहून पुष्कळ अधिक भार तिच्यावर लादीत. युद्ध लांबत गेलें तशी पोलादाची काटकसर करणें प्राप्त झालें, म्हणून पुढें पुढें तिच्या हौद्यास लाकडी फळ्या आणि चालकाच्या डोक्यावर पोलादी छपराऐवजीं कापडी छत आलें. १९४१ ते १९४५ या काळांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. सैनिक तिला लाडानें 'जिमी' म्हणत.

या गाडीनें गोळी झाडली नाहीं. पण तिच्यावांचून गोळी झाडणाराचें एक पाऊलही पुढें पडलें नसतें. ६ जून १९४४ रोजीं दोस्त सैन्यें फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलीं. जुलैच्या अखेरीस शत्रूची फळी फुटली आणि सैन्यें इतक्या वेगानें पुढें धांवलीं कीं अन्न, दारूगोळा व पेट्रोल हीं शेंकडों मैल मागें राहिलीं. शत्रूला कुमक मिळूं नये म्हणून आगगाडीचे रूळ व पूल दोस्तांच्याच विमानांनीं आधीं उद्ध्वस्त केले होते. तेव्हां २५ ऑगस्ट १९४४ पासून मालमोटारींची एक अखंड रांग सुरू करण्यांत आली. तिला 'रेड बॉल एक्सप्रेस' असें नांव पडलें, आणि तांबड्या गोलाच्या खुणेनें तिचा मार्ग दाखविलेला असे. एक रस्ता केवळ जाण्यासाठीं, दुसरा केवळ येण्यासाठीं. इतर वाहनांस तेथें मज्जाव. भर गर्दीच्या दिवसांत जवळ जवळ ६,००० गाड्यांनीं एका दिवसांत १२,००० टनांहून अधिक माल पोंचविला. १६ नोव्हेंबर १९४४ रोजीं हा उपक्रम थांबला तेव्हां एकंदर वाहतूक चार लाख बारा हजार टनांवर गेली होती.

या गाड्या हांकणारे कोण होते? सुमारें तीनचतुर्थांश चालक अमेरिकेंतील कृष्णवर्णी सैनिक होते. त्या काळीं अमेरिकन सैन्यांत गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या पलटणी निराळ्या असत, आणि कृष्णवर्णीयांपैकीं बहुतेकांस लढाऊ पलटणींत न घेतां ओझीं वाहणें, रस्ते बांधणें, जहाजें रिकामीं करणें अशा कामांस लावीत. झांकलेल्या मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडांत, झोंप टाळीत, दिवसरात्र त्यांनीं या गाड्या हांकल्या. ज्या सैन्याला त्यांनीं अन्न पुरविलें त्याच सैन्यानें त्यांना वेगळ्या पंक्तीस बसविलें होतें. हा भेद मोडण्याची आज्ञा अध्यक्ष ट्रूमन यांनीं २६ जुलै १९४८ रोजीं काढली. म्हणजे युद्ध संपून तीन वर्षें होत आल्यावर.

याच जातीच्या गाड्या आपल्या देशांतही धांवल्या आहेत. आसामांतील लेडो या गांवापासून ब्रह्मदेशांतून चीनकडे जाणारा रस्ता बांधण्याचें काम १९४२ च्या डिसेंबरांत सुरू झालें. डोंगर, दलदल, मुसळधार पाऊस व हिंवताप यांच्याशीं झगडून तो तयार करणारांत अमेरिकेचे कृष्णवर्णी सैनिक आणि हिंदी मजूर यांचा फार मोठा भाग होता. १२ जानेवारी १९४५ रोजीं ११३ वाहनांचा पहिला तांडा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीस चीनमधील कुनमिंग येथें पोंचला.

युद्ध संपलें आणि लाखों गाड्या एकाएकीं निरुपयोगी ठरल्या. कांहीं लिलावांत विकल्या गेल्या, कांहीं मोडींत गेल्या. फ्रान्सच्या सैन्यानें तर 'जिमी' गाड्या दुरुस्त करून पुढें अनेक वर्षें वापरल्या. इतर गाड्यांनीं शेतकऱ्यांचें गवत वाहिलें, जंगलांतील ओंडके ओढले, आगीच्या बंबाचें काम केलें. भारतांतही युद्धांतील उरलेल्या पुष्कळ मोटारी लिलावानें खासगी मालवाहतुकीस लागल्या. शेवटीं सुटे भाग मिळेनासे झाले आणि जी गाडी जेथें बंद पडली तेथेंच ती राहिली. तिच्या हौद्यांतून झाडें उगवलीं. छंदी मंडळींचें काम येथून सुरू होतें.

पहिली पायरी परवानगीची. पडलेली वस्तु बेवारशी दिसली तरी जमिनीस मालक असतो. दुसरी पायरी सावधपणाची. युरोपांतील जुन्या रणभूमींत अद्यापि न फुटलेले गोळे सांपडतात. तशी वस्तु दिसतांच मंडळी काम थांबवून अधिकाऱ्यांस वर्दी देतात. मग गाडीभोंवतालची माती हातानें काढावयाची, आवळून बसलेलीं चाकें मोकळीं करावयाचीं, आणि सांगाड्याच्या बळकट भागास दोर बांधून तिला हळूहळू ओढावयाचें. घाईनें हिसका दिला तर ऐंशी वर्षें टिकलेला सांगाडा एका क्षणांत वांकतो.

घरीं आणल्यावर पाना हातीं घेण्यापूर्वीं वही हातीं घ्यावी लागते. जो भाग सोडावयाचा त्याचें आधीं छायाचित्र. प्रत्येक खिळ्यास चिठ्ठी. प्रत्येक डब्यावर क्रमांक. याचें कारण असें कीं एकाच नांवाच्या गाड्याही सर्वस्वीं सारख्या नसत. या मालमोटारींतच दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे दोन जातींचे आंस बसवीत, आणि एका जातीचे आंतील भाग दुसऱ्यास चालत नाहींत. जो आधीं पाहत नाहीं तो चुकीचे भाग विकत घेऊन बसतो. सुदैवानें सैन्यानें छापलेलीं दुरुस्तीचीं पुस्तकें आजही मिळतात. त्यांत प्रत्येक भागाचें चित्र व क्रमांक दिलेला आहे.

आवळलेलें इंजिन हें धीराची खरी परीक्षा घेतें. मेणबत्तीच्या आकाराचे ठिणगीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल सोडतात आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहतात. मग हातानें, बोटभर पुढें, बोटभर मागें, असें दांड्यास हलवीत राहतात. जोर केला तर दट्ट्या तुटतो. वाट पाहिली तर तो सुटतो. परंतु जाणते लोक इंजिनाच्याही आधीं ब्रेकांकडे वळतात. थांबण्याची सोय झाल्यावांचून चालण्याची घाई करूं नये, हा त्यांचा नियम आहे. चाकाच्या लोखंडी कडीस तर टायरांतील सगळी हवा काढल्यावांचून ते हात लावीत नाहींत, कारण दाबाखालील कडी उडाली तर प्राण घेते. जुन्या रंगांत शिसें, ब्रेकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस, आणि अंधारांत चमकणाऱ्या तबकड्यांत रेडियम असूं शकतें. म्हणून मुखपट्टी व हातमोजे हे केवळ भित्र्यांचे अलंकार नव्हेत.

यावरून हें काम एकट्याचें कां नव्हे तेंही कळून येईल. सुताराला हौद्याच्या फळ्या कळतात, लोहाराला पत्रा कळतो, विजेचें काम जाणणारा तारा लावतो, आणि ज्याला यांपैकीं कांहींच येत नाहीं तो वही लिहितो, जुने कागद शोधतो, चहा करतो. त्याच्यावांचूनही गाडी उभी राहत नाहीं. ज्यांचा हुद्दा बाहेर मोठा असतो ते येथें गाडीखालीं पाठीवर निजून दुसऱ्यास पाना मागतात.

आतां सर्वांत कठीण प्रश्नाकडे येऊं. तो लोखंडाचा नसून सचोटीचा आहे. जुना रंग ओल्या बारीक कागदानें हळूहळू घांसला तर एकाखालीं एक थर उघडे होतात. वर आगीच्या बंबाचा तांबडा, त्याखालीं शेतकऱ्याचा हिरवा, त्याखालीं लष्कराचा काळपट हिरवा. आणि त्यांत एक पांढरा तारा किंवा पुसट झालेला क्रमांक. मग मित्रांत वाद होतो. एक म्हणतो, कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी तिला करूं. दुसरा म्हणतो, शेतकऱ्याकडे तिनें तीस वर्षें काढलीं तींही तिचीच वर्षें. तीं कां पुसावयाचीं? दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि निर्णय कोणताही झाला तरी चालेल. मात्र काय सांपडलें व काय बदललें तें वहींत लिहून ठेविलें पाहिजे.

जें चालणार नाहीं तें निराळें आहे. पुरावा नसतांना एखाद्या नामांकित पलटणीची खूण गाडीवर रंगवावी, बंदुकीच्या गोळ्यांचीं खोटीं छिद्रें पाडावीं, आणि ही गाडी अमक्या लढाईंत होती असें पाहुण्यांस सांगावें, असा मोह पुष्कळांस होतो. त्यानें गाडीची किंमत वाढते व टाळ्याही मिळतात. पण यांत नुकसान कोणाचें होतें? ज्या चालकांनीं खरोखर रात्रीं जागविल्या त्यांचें. त्यांतील फार थोड्यांचीं नांवें इतिहासांत आलीं. त्यांचे खरे साक्षी म्हणजे हे सांगाडे, हे क्रमांक, हे झिजलेले पायटे. साक्षीदाराच्या तोंडीं खोटें घातलें कीं त्याचें खरेंही कोणी मानीत नाहीं. शिवाय, चकचकीत रंगविलेली गाडी मिरवणुकींत पाहून लहान मुलांस युद्ध म्हणजे एक स्वच्छ व मौजेची गोष्ट वाटूं लागते. म्हणून चांगले छंदी लोक गाडीशेजारीं उभे राहून ती कोणीं हांकली, त्यांना कसें वागविलें गेलें, आणि तिनें काय काय वाहिलें, हेंही सांगतात. तिच्या हौद्यांत भाकरी होती तसा दारूगोळाही होता.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्यास लष्करी मालमोटार येईल. ज्यांस पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय पाहावें. जुनीं युद्धवाहनें कशीं जपतात हें तेथें समजतें. परंतु बंद पडलेलें घड्याळ, आजीचें शिवणयंत्र, परसांतील मोडका रहाट, हीं तर बहुतेक घरीं असतात. पालकांनीं तीं भंगारांत देण्यापूर्वीं एकदां मुलांच्या हातीं द्यावीं, आणि शेजारीं वडील माणसांस बसवावें. मुलांनीं प्रथम विचारावें कीं हें कोणीं वापरलें, कशासाठीं वापरलें, कसें मोडलें. उत्तरें लिहून घ्यावीं. आणि मगच पाना उचलावा. वस्तु पुन्हा चालूं लागली तर उत्तमच. न चालली तरी तिच्याबरोबर ज्यांचे हात झिजले त्या माणसांची खरी हकीकत घरांत राहील, आणि ती पुढच्या पिढीस सांगतां येईल.