विमानातली ऊब येते कुठून?

लोणंदची डिसेंबरची पहाट ज्यांनी होस्टेलवर काढली आहे, त्यांना थंडी म्हणजे काय हे सांगायला नको. पण इथून सरळ वर गेलो तर? आकडा सोपा आहे. दर किलोमीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. खाली २५ अंश असतील तर १० किलोमीटर वर उणे ४०! प्रवासी विमाने साधारण याच उंचीवर उडतात आणि आत आपण शर्टावर बसून कॉफी पितो. मग ही ऊब येते कुठून? आणि कॉकपिटमध्ये ती बंद पडली तर पायलट करतात काय?

हीटर नाही, इंजिनच!

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, कारण हवा दाबली की तापते. जेट इंजिनचा कॉम्प्रेसर हेच काम प्रचंड प्रमाणावर करतो. बोईंग ७३७ सारख्या विमानात इंधन जळण्याच्या आधीच या हवेतला थोडा भाग बाजूला काढून घेतात. हिला म्हणतात ब्लीड एअर. ती इतकी तापलेली असते की आधी थंड करावी लागते. ते काम 'पॅक' नावाची यंत्रणा करते. मग त्यात बेताची गरम हवा मिसळून ती कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये सोडतात. विमानाच्या मागच्या भागातली एक झडप ही हवा मोजून-मापून बाहेर जाऊ देते, म्हणून आतला दाब टिकतो. बाहेर ३५,००० फूट असले तरी आत जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असल्यासारखे वाटते.

म्हणजे ऊब देणारी आणि दाब टिकवणारी हवा एकच. सगळी गोम इथेच आहे.

बिघाड तीन प्रकारचे

पहिला, गरम हवा मिसळणारी झडप बिघडणे. कॉकपिट गारठते, पण दाब शाबूत असतो. क्रू चेकलिस्ट काढून दुसऱ्या मार्गाने तापमान जमवतो. नाहीच जमले तर खाली येणे किंवा जवळच्या विमानतळावर उतरणे. त्रास होतो, पण वेळ हाताशी असतो.

दुसरा, समोरच्या काचेची हीटिंग जाणे. ही मात्र विजेवर चालते. तिच्यामुळे काचेवर बर्फ धरत नाही, शिवाय गरम काच पक्ष्याचा धक्काही जास्त सोसते. म्हणून ती बंद पडली की ७३७ चे पायलट १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवतात.

तिसरा, हवाच न येणे. इथे थंडी वाजायची वाट बघत बसलात तर संपलेच! ३५,००० फुटांवर दाब गेला तर माणसाची बुद्धी नीट चालण्याचा वेळ अर्धा ते एक मिनिट. वाईट म्हणजे, आपले डोके चालेनासे झाले आहे हे त्या डोक्याला कळत नाही.

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ विमानात (ही कंपनी २०१९ मध्ये बंद पडली) वर चढताना ब्लीडचा स्विच चालू करायचा राहून गेला. केबिनमध्ये दाब तयार झाला नाही आणि ऑक्सिजन मास्क खाली आले. १६६ प्रवाशांपैकी ३० जणांच्या नाका-कानातून रक्त आले. विमान मुंबईला परत फिरले, म्हणून निभावले.

१४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या ७३७ चे मात्र निभावले नाही. दाबाचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर राहिला होता. भोंगा वाजला, पण त्या विमानात टेक-ऑफच्या चुकीच्या सेटिंगसाठीही तोच आवाज होता. क्रूने दुसराच अर्थ घेतला. खालच्या इंजिनिअरशी बोलणे चालले होते ते कूलिंगच्या दिव्यांबद्दल. बोलता बोलता दोघे पायलट बेशुद्ध झाले. विमानातले सर्व १२१ जण गेले. पुढे ७३७ मध्ये या दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे बसवण्याचा आदेश निघाला.

क्रम महत्त्वाचा

म्हणून पायलटना क्रम घोटून घेतलेला असतो: आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क, मग एकमेकांशी बोलणे सुरू, मग दाबाची तपासणी, आणि दाब हाती येत नसेल तर १०,००० फुटांकडे झटपट उतरणे. कारण शोधणे त्यानंतर. आपल्याला, इंजिनिअर लोकांना, नेमकी उलटी सवय असते. आधी 'का बंद पडले?' विचारायचे! जमिनीवर ते चालून जाते, वर नाही.

आणि उद्या आपल्यापैकी कोणी पॅनेल डिझाइन करायला बसला, तर एवढे लक्षात ठेवा: दोन वेगळ्या धोक्यांना एकच आवाज देऊ नका. ऐकणारा माणूस त्या क्षणी कदाचित पुरता शुद्धीवर नसेल.