जो लॅपचिकची कात्रणवही

चांगला खेळाडू चांगला कोच होतोच असं नाही. अमेरिकेच्या जो लॅपचिकला मात्र दोन्ही जमलं, आणि तेही स्वतः कॉलेजची पायरी न चढता!

लॅपचिकचा जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्कजवळच्या योंकर्सचा. घरची गरिबी, त्यामुळे शाळा लवकर सुटली. पण उंची होती सहा फूट पाच इंच. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मधोमध बॉल उडवून खेळ पुन्हा सुरू व्हायचा. हा नियम १९३७ मध्ये गेला. त्यामुळे ज्यांचा सेंटर उंच, त्यांच्याकडेच बॉल! १९२३ मध्ये तो ओरिजिनल सेल्टिक्समध्ये आला. ही टीम गावोगाव फिरून पैसे घेऊन खेळायची. तिची खासियत म्हणजे भराभर पास देणं.

१९३६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीचा कोच झाला. १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याच्या टीमने एनआयटी ही मोठी स्पर्धा जिंकली. १९४७ मध्ये तो व्यावसायिक न्यूयॉर्क निक्सकडे गेला. १९५० मध्ये निक्सने नॅट क्लिफ्टन या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं. तेव्हा एनबीएत असे खेळाडू नुकतेच येऊ लागले होते. १९५१, १९५२, १९५३ अशा तिन्ही वर्षी निक्स फायनलला पोचले आणि तिन्ही वेळा हरले. १९५१ ला तर ०-३ वरून ३-३ केलं आणि सातवी मॅच चार पॉइंट्सनी गेली!

त्याच वर्षी कॉलेज बास्केटबॉलमध्ये मोठं प्रकरण उघडकीस आलं. सट्टेबाज खेळाडूंना पैसे द्यायचे. हरायचंच असं नाही, नुसतं कमी फरकाने जिंकायचं. म्हणजे 'कुणाचं काय बिघडलं?' असं वाटावं, इतकी सोपी लाच. पण मुलांना अटक झाली, करिअर संपली.

लॅपचिकने या बातम्यांची कात्रणं एका वहीत चिकटवली. १९५६ मध्ये सेंट जॉन्सला परतल्यावर तो ही वही आपल्या खेळाडूंना वाचायला लावायचा. पास कसा द्यायचा हे कोणीही शिकवेल. नाही कधी म्हणायचं, हे त्याने शिकवलं.

१९६५ मध्ये वयाच्या नियमामुळे त्याला निवृत्त व्हावं लागलं. शेवटच्या मॅचमध्ये त्याच्या मुलांनी व्हिलानोव्हाला ५५-५१ असं हरवून पुन्हा एनआयटी जिंकली. पूर्ण जोर लावून, बरं का!