तेज घोडा आणि स्वाराचा धडा

घोडा तेज असणे हा दोष नव्हे. किंबहुना बाजारात याच गुणाला अधिक मोल येते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास, किंवा मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत जागच्या जागी पाय नाचविणारे, मान उंच धरणारे जनावर दिसले की गिऱ्हाइकांचा घोळका त्याच्याभोवती जमतो. परंतु तेच जनावर घरी आणल्यावर पंधरा दिवसांच्या आत तक्रारी सुरू होतात. घोडी स्वार होऊ देत नाही, रस्त्यात बुजते, लगाम ओढावा तो अधिकच उधळते. मग कोणी काटेरी लगाम सुचवितो, कोणी चंदी बंद करावयास सांगतो, तर कोणी एखाद्या दांडग्या चाबूकस्वाराच्या हवाली करण्याचा सल्ला देतो. अखेरीस पुढील यात्रेत ती घोडी तोट्याने विकली जाते आणि तिची खोड तशीच नव्या धन्याकडे जाते. तोवर एखाद्याचा हातपाय मोडला नाही, तर तो दैवाचा भाग समजावा.

या सर्व खटाटोपात एक साधा उपाय सहसा कोणास सुचत नाही. तो म्हणजे घोडीला शिकविण्यापूर्वी मालकाने स्वतः जाणत्या माणसाकडून स्वारीचा धडा घेणे. ज्याचे बालपण घोड्याच्या पाठीवर गेले आहे त्यास ही सूचना हास्यास्पद वाटेल. तथापि मेंढरांच्या वाड्याबरोबर घोडी पाळणारे धनगर कुटुंब आणि हौसेने पहिलाच घोडा विकत घेणारा बागायतदार यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे. भीमाखोऱ्यातील धनगरांची भीमथडी तट्टे पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या सहवासात वाढत आली आहेत. बाजारातून आणलेल्या चार वर्षांच्या घोडीला मात्र नवा धनी, नवा गोठा आणि नवी वाट ही सर्व एकाच दिवशी भेटतात.

प्रथम दुखणे पाहावे

धड्यास आरंभ करण्यापूर्वी घोडीला काही दुखत नाही ना, याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे. दुखणाऱ्या जनावरास शिस्त लावता येत नाही. घोड्याचे पुढील दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात, आणि पुढील दाढाही अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान बदलतात. म्हणजे ज्या वयात लोक घोडा स्वारीस घेतात, नेमक्या त्याच वयात त्याचे तोंड हुळहुळे असते. लगामाची कडी पुढील दात व दाढा यांमधील मोकळ्या हिरडीवर बसते. कधी कधी पहिल्या दाढेपुढे एक लहानसा दात असतो. त्यास कडी लागली की घोडी मान झटकते आणि धनी तिला हट्टी म्हणतो. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर गालास आतून जखमा होतात. हे सर्व पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घेता येते.

पाठीवरून व कंबरेवरून तळहात दाबून फिरवावा. घोडी पाठ खाली दबवीत असेल किंवा कातडी थरथरवीत असेल, तर खोगीर उतरवून ठेवणे हाच त्या दिवशीचा धडा. खोगिराचा भार मणक्यावर न पडता त्याच्या दोन्ही बाजूंस पडला पाहिजे, आणि खांद्यामागील उंचवट्यावर ते टेकता कामा नये.

खुराकाचाही येथे संबंध येतो. दिवसभर खुंट्याला बांधलेल्या घोडीस भरपूर हरभरा व धान्य दिल्यास तिचे तेज अनावर होते, यात नवल नाही. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करावी. कोरडा चारा मात्र तोडू नये. तीनशे किलो वजनाच्या घोड्यास दररोज सुमारे ५ ते ६ किलो वाळला चारा मिळालाच पाहिजे. चंदीत वाढ करावयाची झाल्यास ती एकदम न करता थोडी थोडी करावी, कारण एकाएकी वाढविलेल्या धान्याने पोटशूळ उठतो व खुरांनाही अपाय होतो.

काटेरी लगामाविषयी निराळे लिहिण्याचे कारण असे की, तो आजही काही ठिकाणी विकला जातो. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी काटेरी कडी वापरण्यास १९६५ च्या नियमांनी बंदी केलेली आहे. स्वारीच्या जनावरासही तो वापरणे शहाणपणाचे नाही. तोंडास काटे टोचले की घोडा त्या वेदनेपासून दूर पळू पाहतो, आणि पळणे थांबविण्यासाठीच तर तो लगाम घातलेला असतो.

घोडा काय वाचतो?

१९०४ च्या सुमारास जर्मनीतील बर्लिन शहरात हान्स नावाच्या घोड्याचा फार बोलबाला झाला होता. विल्हेल्म फॉन ओस्टेन या त्याच्या मालकाने त्यास गणित शिकविले होते, असा समज होता. बेरीज विचारली असता हान्स खुराने तितकेच ठोके देई. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने पुढे याची कसून परीक्षा केली व १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचारणाऱ्यास स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्यास दिसत नसेल, तर घोड्याचेही उत्तर चुके. प्रश्न विचारून माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाके आणि बरोबर आकडा आला की नकळत डोके उचली. तेवढ्या हालचालीवर घोडा थांबे. मालकाने कसलीही लबाडी केलेली नव्हती. आपण खूण करीत आहोत, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

स्वारास ही गोष्ट लागू पडते. अंगावर बसलेली माशी ज्या कातडीला कळते, तिला स्वाराची ताठलेली मांडी, रोखलेला श्वास आणि आवळलेली मूठ कळल्यावाचून राहत नाही. भ्यालेला माणूस पुढे वाकतो, टाचा पोटाशी आवळतो आणि दोन्ही हातांनी लगाम ओढतो. टाच म्हणते चल, लगाम म्हणतो थांब. मठ्ठ तट्टू अशा वेळी दोन्ही आज्ञा कानाआड करते. तेज घोडीला तसे करता येत नाही. पुढे व मागे दोन्हीकडची वाट बंद झाल्यामुळे ती मागील पायांवर उभी राहते. पाहणारे म्हणतात, घोडी बदमाश आहे.

पहिला धडा

पहिला धडा आपल्या तेज घोडीवर न घेता शिक्षकाच्या निवांत घोड्यावर घ्यावा. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या घोड्यावर बसण्यात पुष्कळांना कमीपणा वाटतो. परंतु शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडी यांची गाठ घालणे हे दोघांच्याही हिताचे नाही.

जमीन सपाट व भुसभुशीत असावी, भोवती कुंपण असावे. शिक्षक मध्यभागी उभा राहून लांब दोराने घोडा वर्तुळात फिरवितो. जुने स्वार यास कावा देणे म्हणत. पंधरा ते वीस मीटर व्यासाचे वर्तुळ पुरेसे असते. या वेळी स्वाराच्या हाती लगाम देत नाहीत आणि रिकिबीतून पायही काढावयास लावतात. घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक पावलास स्वार उसळतो आणि त्याचे हात आपोआप वर जातात. आजवर आपण घोडीच्या तोंडास प्रत्येक पावलागणिक हिसका देत होतो, हे त्यास तेथे प्रथम उमगते. खोगिराची पुढील कड धरून कंबर सैल सोडावी, नजर घोड्याच्या कानांवरून पुढे ठेवावी आणि मोठ्याने आकडे मोजावेत. मोजणाऱ्यास श्वास रोखून धरता येत नाही. अर्ध्या तासाहून अधिक वेळ हा अभ्यास करू नये. मांड बसावयास काही आठवडे लागतात.

लगामाचा धडा जमिनीवरच द्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक अवश्य करून दाखवावे, कारण त्यास घोडाही लागत नाही. एका माणसाने डोळे मिटून लगामाची कडी दोन्ही हातांत धरावी व दुसऱ्याने मागे उभे राहून लगाम धरावा. मागील माणसाने केवळ एक बोट मिटले तरी पुढच्यास ते कळते. मग त्यास एकदा हिसका देऊ द्यावा. चावडीपुढे जमलेल्या मंडळींस याहून अधिक व्याख्यान देण्याची आवश्यकता नाही.

यानंतर घोड्यावर बसून थांबण्याचा सराव करावा. प्रथम श्वास सोडावा, पाठ सरळ ठेवून बैठक जड करावी, आणि मग बोटे हळूहळू मिटावीत. घोडा थांबताक्षणी बोटे उघडावीत. या धड्याचे सारे मर्म या उघडण्यात आहे. घोड्याला दाबातून काही कळत नाही. दाब ज्या क्षणी जातो त्या क्षणी आपण जे करीत होतो ते बरोबर, एवढेच तो शिकतो. थांबल्यावरही लगाम ओढलेलाच राहिला तर थांबून काय लाभ झाला, हे त्यास कळणार कसे? टाचेचेही तसेच. प्रथम पोटरीचा हलका स्पर्श, तो न कळल्यास थोडा अधिक, आणि पहिले पाऊल पडताच पाय सैल. ढील देण्यास दोन-तीन क्षणांचा उशीर झाला तरी घोडा भलतेच शिकून बसतो.

बुजणे व उधळणे

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ चोहोकडचे दिसते. मात्र थेट शेपटीमागचे आणि कपाळापुढील अगदी जवळचे दिसत नाही. रस्त्याकडेला फडफडणारी ताडपत्री त्यास आपल्या आधी दिसते. अशा वेळी चाबूक मारल्यास ताडपत्रीजवळ गेले की मार बसतो, असाच बोध ती घोडी घेते. तिला दुरूनच थांबू द्यावे, पाहू द्यावे. मान खाली आली, नाकाने दीर्घ श्वास सुटला, तोंड चघळल्यासारखे हलू लागले, म्हणजे मन निवळले असे समजावे. मग दोन पावले पुढे नेऊन लगेच परत वळवावे. चार-पाच फेऱ्यांत ती सहसा ताडपत्री ओलांडते. न ओलांडल्यास उरलेले काम उद्यावर टाकावे. कान मागे चिकटलेले, शेपूट झटकत असलेली आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसत असलेला असेल, तर अंतर वाढवावे.

घोडी मागील पायांवर उभी राहिल्यास लगाम ओढू नये. लगाम सैल सोडून पुढे वाकावे, नाही तर ती स्वारासह उलटते. उधळल्यास दोन्ही लगाम एकसारखे ताणून धरल्याने काही साधत नाही. एक लगाम ओढून सोडावा, पुन्हा ओढून सोडावा, आणि जागा असल्यास तिला मोठ्या वर्तुळात वळवावे. भरधाव असता एकदम मान मुरडल्यास मात्र ती कोसळते.

शिक्षक कसा पाहावा

मोठ्या शहरांत अश्वारोहणाच्या शाळा आहेत. तालुक्याच्या ठिकाणी राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात शिकलेला एखादा तरुण किंवा सेवानिवृत्त घोडेस्वार मिळू शकतो. त्याची कीर्ती ऐकण्याआधी त्याचा घोडा पाहावा. घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यांवर जखमा किंवा कुशीवर वळ असतील, तर तेथून परत फिरावे. जो शिक्षक घोड्यापेक्षा स्वाराला अधिक वेळा टोकतो, तो बहुधा चांगला असतो. शिकण्यास येतेवेळी घोडी किती वर्षांची, कोठून आणली, तिला चंदी किती व काम किती, हे त्याने विचारले पाहिजे.

आठवड्यातून दोन धडे आणि मधल्या दिवशी घरच्या घरी वीस मिनिटांचा सराव एवढे पुरे. सरावाच्या वेळी डोक्यास मजबूत शिरस्त्राण व पायात टाच असलेला जोडा असावा. रिकीब इतकी रुंद हवी की पडते वेळी पाय सहज सुटेल. दोर किंवा लगाम हातास कधीही गुंडाळू नये. घोडीस धनुर्वाताची लस टोचून घेतलेली असावी, कारण घोड्याला हा रोग फार लवकर जडतो आणि कुंपणाची तार किंवा खिळा लागण्यासारखी लहानशी जखमही त्यास पुरते. पहिले काही दिवस बैठक सुधारेपर्यंत घोडीवर स्वार न होता तिला हातात धरून चालवावे व थांबवावे. घोडीने एखादी गोष्ट बरोबर केली की त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवून खोगीर उतरवावे, खरारा करावा आणि पाणी पाजावे.